फ्रीजमधल्या किल्ल्या

हॅलिफॅक्समधलं भाड्याने घेतलेलं स्वयंपाकघर.
सकाळी सातला माझं पहिलं काम, फ्रीज बंद करणं.
त्याची गुरगुर घरच्यांना ऐकू येत नाही,
माइकला येते.
बंद केला की माझ्या गाडीच्या किल्ल्या आत ठेवते,
मिसेस ऑकरॉइडच्या दुधाशेजारी,
म्हणजे रात्री तो चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही.
(एकदा ब्रॅडफर्डला कुणाचे तरी मासे नासले होते.
त्यांचा वास माझ्या नावावर अजून आहे.)

दृश्य साधं.
फोन येऊन गेलाय. मुलगा आता येणार नाही.
बाई इस्त्री करत राहते.
अख्ख्या पानावर एकच ओळ:
ती शर्ट पुरा करते.

आधी समोरून घेतलं.
ग्लेनिसच्या चेहऱ्यावर सगळं होतं.
फिलिपा म्हणाली, फार कळतंय.
मग कॅमेरा दाराबाहेर गेला,
जिन्याखाली टांगलेल्या कोटांमध्ये.
अर्धी चौकट भिंतीने खाल्ली,
उरलेल्या अर्धीत पाठ, एक कोपर, आणि वाफ.
डेक्लनने फोकस इस्त्रीच्या वायरवर धरला
आणि मानेपर्यंत यायला अकरा सेकंद लावले.
अकरा सेकंद म्हणजे किती, ते
रुळावरून कॅमेरा ढकलणाऱ्या पोराला विचारा.

बाकीचं माझ्याकडे आलं.
पाठीला चेहरा आवाजाने द्यावा लागतो.
ओल्या कापडाचं चर्रर्र,
बटणाला इस्त्रीचं टोक लागतं तो टिक्,
एक बटण,
दुसरं,
तिसऱ्यानंतर काहीच नाही.
बूम आणखी खाली घेतला, चौकटीच्या अगदी काठावर,
डेक्लनने भुवई उचलली तरी,
तेव्हा कॉलरमागचं तिचं गिळणं सापडलं.

मी इचलकरंजीची.
आमच्याकडे माग रात्रंदिवस चालायचे, खटक्-खट, खटक्-खट,
आणि लाइट गेली की अख्खी गल्ली जागी व्हायची,
तान्ही पोरंसुद्धा.
बाबा अंधारात म्हणायचे, ऐक.
काय ऐकू, ते कधी सांगितलं नाही.

चौथ्या टेकला वरची फळी करकरली.
मिसेस ऑकरॉइडना बजावलं होतं,
पलंगावर बसा, हलू नका, मधे चहा पाठवतो.
हेडफोनमध्ये ती फळी तोफेसारखी.
मी हात वर करणार, टेक गेला म्हणणार,
तेवढ्यात ग्लेनिसने मान वर केली.
छताकडे.
पटकथेत तिच्या डोक्यावर मुलाची खोली होती.
ऑपरेटरने कुणाला न विचारता
कॅमेरा तिच्या नजरेमागे उचलला:
पिवळट दिव्याची वाटी, शेजारी ओलीचा जुना डाग.
इस्त्री शर्टावरच राहिली.
करपल्याचा वास आम्हा सगळ्यांना आला.
तो कुठल्याच ट्रॅकवर नाही.

कट कुणी म्हणेना.

मग म्हातारी खाली आली, एकेक पायरी चाचपत.
माफ करा हं, म्हणाली,
खाली इतकं गप्प झालं,
वाटलं, कुणाला काही झालं की काय.
तिला गोष्ट माहीत नव्हती.

शेवटी नेहमीसारखी खोलीची शांतता, तीस सेकंद.
सोळा माणसं जिथल्या तिथे,
कुणाच्या हातात चिकटपट्टी, कुणाच्या तोंडात अर्धं बिस्कीट,
म्हातारी पायरीवर, हात कठड्यावर.
हे नंतर कापल्या जागी लावायचं असतं,
ठिगळ, शिवण दिसू नये म्हणून.
प्रत्येक घराचं सूत वेगळं.
या घराचं जरा जाड, लोकरीचं,
मीटरवरची हिरवी रेघ तळाशी थरथरत होती.
एकविसाव्या सेकंदाला कुणाचं तरी पोट वाजलं.
पुन्हा घेतलं.

फ्रीज चालू केला. किल्ल्या थंडगार.
टेकडी उतरताना रेडिओ लावला नाही.

मार्चमध्ये मिक्सिंगच्या अंधारात
एका नव्या पोराने विचारलं,
ती करकर भारी आहे, कुठल्या संग्रहातून घेतलीत?
वरून, म्हटलं.
त्याने तसंच लिहून घेतलं.